धोंडशिरीचे दुखणे : पोलादी पट्टी की कप?

यवतेश्वरचा घाट नेमाने पळणाऱ्याची पोटरी किंवा धोंडशीर (टाचेमागची जाड शीर, अकिलीस टेंडन) कधी ना कधी कुरकुरतेच, आणि मग साताऱ्यातले फिजिओथेरपिस्ट व्यायामाच्या जोडीला बहुधा दोनपैकी एक साधन सुचवतात : पोलादी पट्टीने घासणे किंवा कप लावणे. मी दोन्ही उपचार घेतले आहेत आणि दोन्हींचा मला गुण आला आहे.

कपाची कल्पना आपल्याकडे नवी नाही. तुंबडी लावण्याचाच तो सुधारलेला प्रकार. पट्टी दाबते, तर कप त्वचेला आणि तिच्याखालच्या थराला वर ओढून धरतो. त्यामुळे ताठरलेली पोटरी जी चटकन सैलावते, ते सुख पट्टीत नाही, हे मान्य करायला हवे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या अंगावर दिसलेले गोल डाग अनेकांना बिचकवतात. पण पँटखालची पोटरी कोण पाहतो?

माझी अडचण निराळी होती. दुखणे होते टाचेच्या चार बोटे वर आणि नेमका तिथेच कप टिकत नसे. ती जागा अरुंद, दोन्ही बाजूंनी खोलगट, त्यात पायावरचे केस; कडेखालून हवा शिरली की कप सुटलाच. तेल जास्त झाले तर तो घसरे, कमी झाले तर सरकवताना त्वचा ओढली जाई. केस काढून या, असा सल्ला मिळाला आणि तो रास्तही होता, परंतु दर खेपेला पोटरी भादरून जाण्याची माझी तयारी नव्हती. शेवटी कप वर, मांसल भागावर लागत आणि दुखरी शीर तशीच राही.

पट्टीची वक्र कड मात्र शिरीच्या कडेकडेने बरोबर फिरते. मलम लावून तिरकी धरलेली ती पट्टी निबर जागेवरून जाताना बारीक खरखर जाणवते आणि कुठे थांबायचे हे घासणाऱ्याला कळते. उपचार सुखाचा नाही, नंतर लालसर ठिपकेही उठतात. तरी सकाळी पलंगावरून उतरतानाचा ताठरपणा मला पट्टीनेच अधिक कमी झालेला वाटला. उंदरांवरील प्रयोगांत जोरकस दाबाने तंतू घडवणाऱ्या पेशी वाढल्याचे आढळले होते. माणसाच्या बाबतीत तेवढ्यावरून फार बोलू नये. १९९८ मध्ये स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ्रेडसन यांनी मांडलेला, पायरीच्या कडेवर टाच सावकाश खाली सोडण्याचा बारा आठवड्यांचा व्यायाम हाच या दुखण्यावरच्या उपचाराचा कणा आहे. पट्टीमुळे तो मला सुसह्य झाला, इतकेच म्हणता येईल.

कंबर किंवा पाठ धरली असेल, तर मीही कदाचित कपच लावून घेईन. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पायाच्या शिरा फुगलेल्या असतील किंवा मधुमेहाने तळव्याची जाणीव कमी झाली असेल, तर मात्र दोन्हींपूर्वी डॉक्टरांना विचारावे. आणि पोटरी अचानक सुजून गरम लागत असेल, तर तिला कोणालाही चोळू देऊ नये.