पाहुणे आलेत, संध्याकाळ एकच: रंकाळा की खासबाग?

आमच्या कोल्हापुरात पाहुण्यांचं अंबाबाईचं दर्शन झालं, दुपारी तांबडा-पांढरा रस्सा झाला, पाहुणे तासभर आडवे होऊन उठले, की पाचच्या सुमाराला घरात तोच विषय निघतो. संध्याकाळी न्यायचं कुठं? पोरं म्हणतात रंकाळा तळ्याची चौपाटी, मी म्हणतो खासबाग मैदानाजवळचे खाण्याचे गाडे आणि बायको म्हणते, आधी तुमचं ठरू दे, मग मी साडी बदलते. पुण्याहून मेव्हणा सहकुटुंब दर दिवाळीला येतो. त्यामुळं हा निर्णय मी बऱ्याचदा घेतलाय, कधी इकडं कधी तिकडं, आणि एकदा चांगलाच पस्तावलोय.

रंकाळ्याची बाजू आधी मांडतो, कारण ती बळकट आहे. पलीकडं शालिनी पॅलेसच्या मागं सूर्य उतरत असताना चौपाटीवर उभं राहिलं की पाहुणा आपोआप गप्प होतो. आमचा मेव्हणा गप्प होतो म्हणजे बघा. शिवाय त्याला तिथली नंदीची गोष्ट सांगता येते, की हा नंदी रोज गहूभर पुढं सरकतो नि तांदूळभर मागं येतो, आणि तळ्याला पोचला की जगबुडी. पोरांना पळायला जागा, आईला वारं, आणि सगळ्यांना बसायला खुर्ची.

खुर्चीवरच माझं बिनसलं.

गेल्याच्या गेल्या दिवाळीची गोष्ट. आम्ही आठ जण. एका गाड्यासमोर लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या, तिथं आईला आधी बसवलं, कारण तिचे गुडघे. भेळ सांगितली, रगडा सांगितला. तेवढ्यात मेव्हण्याच्या मुलीला दोन गाड्या सोडून भाजलेलं कणीस दिसलं. मी जाऊन कणीस घेऊन आलो, तिनं पहिला दात लावला, आणि पोऱ्या येऊन म्हणाला, "दादा, बाहेरचं खायाचं आसंल तर खुर्ची सोडाय लागंल." बोलला अगदी नम्रपणे. त्याचंही बरोबरच म्हणा, खुर्च्यांचा खर्च तो करतो. मग ती पोर बिचारी कणीस घेऊन पाच पावलं लांब उभी, आई खुर्चीत, आम्ही मध्येच. तेवढ्यात आईचा गोळा खायचा विचार झाला, पण गोळेवाल्याच्या खुर्च्या वेगळ्या. एवढ्या मोठ्या तळ्याकाठी येऊन आम्ही एका गाड्याच्या हद्दीत अडकलो होतो. सगळीकडं असंच असतं असं माझं म्हणणं नाही. नशिबाचा भाग असेल. पण चौपाटीवर माणूस जातो तो थोडं इथलं, थोडं तिथलं चाखायला, आणि तेवढंच नेमकं जमत नसेल तर काय उपयोग?

खासबागेत खुर्चीच नाही, म्हणून हा प्रश्नच नाही. गाडी लावायची अडचण, पाठीमागून हॉर्न, उभ्या उभ्या खायचं, कुणाच्या तरी बुलेटच्या सीटवर कागद टेकवायचा. गैरसोय म्हणाल तर आहेच. पण एकाच्या हातात भेळ, दुसऱ्याच्या हातात कटवडा, तिसरा अजून फिरतोय, आणि कोण कुणाचं खातंय ते कुणी विचारत नाही. भेळवाल्यासमोर पाच मिनिटं उभं राहावं. चुरमुरे, फरसाण, कांदा, वरनं चिंचेचं पाणी, आणि मग पातेल्याच्या कडेवर चमच्याची ती टकटक. हातात कागद येतो तेव्हा चुरमुरा अजून कुरकुरीत असतो. कडेला मीठ लावलेली तळलेली मिरची. रंकाळ्यावरच्या भेळेला मी नावं ठेवत नाही, पण तिखट मोजायचं माझ्याकडं एकच माप आहे, मेव्हण्याचं कपाळ. रंकाळ्यावर ते कोरडं राहतं. खासबागेत तिसऱ्या चमच्याला रुमाल निघतो. रंकाळ्यावरचं वारं घाम वाळवत असेल, ही शक्यता मी मनात धरून आहे.

आणि जागेला इतिहासही आहे, फक्त तो खाता खाता दिसतो. शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधलेलं कुस्तीचं मैदान तिथंच, आणि शेजारी 1915 चं, तेव्हा पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं केशवराव भोसले नाट्यगृह. 2024 च्या ऑगस्टमध्ये ते जळालं, त्या रात्री आमच्या गल्लीत कुणी जेवलं नाही. मध्यंतराला भरजरी साड्या नि अत्तराचा वास गाड्यांपर्यंत यायचा, मग तिसऱ्या घंटेला निम्मी भेळ कागदासकट आत पळायची. ती गंमत आता आठवणीतली. मेव्हण्याला हे सांगताना मीच जास्त गप्प होतो.

रंकाळ्याच्या पारड्यात आणखी एक गोष्ट टाकायलाच हवी. परतीच्या वाटेवर गंगावेशीचा दूध कट्टा पडतो. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात, वर फेस. पुण्याच्या माणसाला आधी ते खरं वाटत नाही, मग तो दुसरा ग्लास मागतो. खासबागेहून तिथं मुद्दाम वळसा घालून जावं लागतं. खासबागेच्या बाजूनं फार तर कॉकटेल म्हणता येईल, पण पाहुण्याला आधीच सांगून ठेवा की आमच्याकडं कॉकटेल म्हणजे फळं नि आइस्क्रीम. आमच्या मेव्हण्याचा चेहरा आधी खुलला होता, मग पडला.

तेव्हा बरोबर म्हातारं माणूस किंवा रांगतं पोर असेल तर रंकाळाच बरा, मी वाद घालणार नाही. नुसतं खायचंच असेल तर, माझ्यापुरतं सांगायचं तर, खासबाग.

गेल्या दिवाळीला आम्ही खासबागेतनं सुकी भेळ बांधून घेतली, चिंचेचं पाणी वेगळ्या पिशवीत, आणि दहा मिनिटांत रंकाळ्याच्या कठड्यावर जाऊन बसलो. आईला घरची घडीची खुर्ची नेली होती. पोऱ्या लांबनं बघून गेला, काही बोलला नाही.