स्केचअपमध्ये दारातील काच : सात महिन्यांच्या वापरानंतर

घरांच्या अंतर्गत रचनेची लहान कामे मी एकटीच करते आणि गेले सात महिने स्वयंपाकघर, देवघर व ड्राय बाल्कनी यांच्या काचेच्या दारांची मॉडेले स्केचअप या त्रिमितीय आराखड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करत आहे. त्याआधी मी काचेच्या जागी फिकट निळा रंग भरत असे, आणि ही काच आहे की सनमायका, असा प्रश्न घरमालकांकडून हमखास येई.

मटेरियलच्या, म्हणजे पृष्ठभागाला द्यायच्या रंग-पोताच्या, एडिट विभागातील ओपॅसिटीची (अपारदर्शकतेची) पट्टी १०० वरून खाली आणली की रंग पारदर्शक होतो. एवढे पहिल्याच दिवशी कळते. तरीही माझ्या पहिल्या दारात ओपॅसिटी २५ करूनसुद्धा पलीकडची बाल्कनी दिसेना. काचेतून भिंतच दिसत होती. दाराचा कंपोनंट (पुन्हा पुन्हा वापरता येणारा तयार भाग) भिंतीत स्वतःपुरती जागा कापून घेतो खरा, पण ज्या फेसला (सपाट पृष्ठभागाला) तो चिकटलेला असतो तेवढाच फेस कापला जातो, आणि जाडी असलेल्या भिंतीला तर दोन बाजूंचे दोन फेस असतात, हे लक्षात यायला मला दोन दिवस लागले. आता मी आधी भिंतीवर दाराच्या मापाचा आयत काढते, पुश-पुल या ढकलण्या-ओढण्याच्या साधनाने तो थेट मागच्या फेसपर्यंत ढकलून आरपार मोकळी जागा करते आणि मगच चौकट बसवते. काचेतून पलीकडचे दिसत नाही अशी तक्रार असलेल्या प्रत्येकाने सर्वप्रथम हीच गोष्ट तपासावी, असे मला मनापासून वाटते. एक्स-रे शैली लावून हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण तिच्यात लाकूड, भिंती, ओटा असे सगळेच पारदर्शक होते.

काचेच्या जाडीचा मुद्दा याहून बारीक आहे. सुताराला माप द्यायचे म्हणून मी काच खरोखरच ५ मिमी जाडीची काढू लागले, तेव्हा ती अपेक्षेपेक्षा गडद दिसू लागली, कारण नजर आता समोरच्या आणि मागच्या अशा दोन फेसमधून जात होती. प्रत्येकाची ओपॅसिटी ३० असेल, तर पहिल्यातून पलीकडचे ७० टक्के दिसते आणि दुसऱ्यातून त्याचे ७० टक्के, म्हणजे अखेरीस ४९ टक्केच उरते. त्यामुळे साध्या काचेसाठी मी एकच फेस ठेवते, आणि जाडी दाखवणे आवश्यक असेल तेव्हा दोन्ही फेसची ओपॅसिटी १५ च्या आसपास आणते.

हाच गुणाकार फ्रॉस्टेड (धूसर) काचेसाठी मात्र फार उपयोगी पडला. स्केचअपमध्ये ७० किंवा त्याहून अधिक ओपॅसिटी असलेला फेस पूर्ण सावली टाकतो आणि त्याहून कमी असलेला मुळीच टाकत नाही. अर्धवट सावली असा प्रकार नाही. देवघराच्या दाराला मी ८० ओपॅसिटी दिली, तेव्हा सकाळच्या उन्हाचा फरशीवरचा पट्टा नाहीसा झाला आणि ज्या उजेडासाठी घरातील आजींनी काचेचे दार मागितले होते, तोच चित्रातून गेला. आता मी ४५ ओपॅसिटीचे दोन फेस देते. डोळ्यांना ते मिळून सुमारे ७० टक्के धूसर दिसतात, पण ऊन अडत नाही, आणि चौकटीची सावली फरशीवर स्वच्छ उमटते.

रंगाच्या बाबतीत निळा मी पूर्णपणे सोडला आहे. साध्या काचेत लोहाचा अंश असल्याने तिची कड हिरवट दिसते. म्हणून पृष्ठभागाला अगदी फिकट राखाडी-हिरवा आणि कडेला थोडा गडद हिरवा रंग दिला, की काच लगेच ओळखू येते. हे मटेरियल कंपोनंट उघडून आत थेट काचेच्या फेसलाच द्यावे. मग बाहेरून पूर्ण दारावर सागवानी रंग टाकला तरी तो फक्त मूळ डिफॉल्ट रंगाचे भाग, म्हणजे चौकट आणि पट्ट्या, रंगवतो व काच तशीच राहते. घरमालकासमोर बसून लाकडाच्या चार छटा बदलून दाखवताना या सोयीचे मोल मला फार वाटते.

खऱ्या काचेसारखे प्रकाशाचे वळणे हवे असेल, तर व्ही-रेसारख्या रेंडररकडे (मॉडेलचे वास्तववादी चित्र तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) जावे लागते आणि त्यात वेळही जातो. माझ्या कामात तशी गरज आतापर्यंत दोनदाच पडली, तीही फ्लुटेड काचेसाठी, कारण तिच्या उभ्या पन्हळींमागे वस्तू कशा तुटक दिसतात हे ओपॅसिटीच्या पट्टीने दाखवता येत नाही. सुताराच्या कागदावर मात्र मी पारदर्शकता देतच नाही. तिथे काचेवर तिरप्या रेषा, शेजारी जाडी आणि ती टफन्ड (भट्टीत तापवून मजबूत केलेली) हवी की साधी, हे लिहिते. टफन्ड काच भट्टीतून आल्यावर कापता येत नाही, म्हणून तिचे माप मॉडेलवरून न घेता बसवलेल्या चौकटीवरूनच घ्यावे, अशी सूचनाही त्याच कागदावर असते.