भाड्याच्या दुर्बिणीचे चारशे रुपये: साताऱ्यातल्या पक्षीनिरीक्षण फेऱ्या, आठ महिन्यांनंतर

डिपॉझिट भरलं होतं हजार, परत आले सहाशे. कापलेल्या चारशेंचं कारण पावतीवर दोन शब्दांत आहे: ‘दुर्बीण अलाइनमेंट’, म्हणजे दोन नळ्यांची नजर जुळवणं. जिच्यातून सप्टेंबरच्या पहिल्या फेरीपासून एका टिटवीच्या दोन टिटव्या दिसत होत्या, तिच्या दुरुस्तीचा भुर्दंड एप्रिलमध्ये शेवटच्या वापरणाऱ्याच्या माथी मारला. नाहीतर कार्यक्रम चांगला आहे, एवढं एका ओळीत सांगून भागलं असतं. वाद मिटलेला नाही, म्हणून आयोजकांचं नाव लिहीत नाही. साताऱ्यात या फेऱ्यांना जाणाऱ्यांना ते कळेलच.

या फेऱ्यांचा हंगामी पास बहुतेकांना माहीत आहे. सप्टेंबर ते एप्रिल, महिन्याला दोन रविवार, सोळा फेऱ्यांचे ४,००० रुपये, म्हणजे फेरी अडीचशेला पडते. दुर्बीण हवी तर दर फेरीला ८० रुपये वेगळे, सोळा फेऱ्यांचे १,२८०. लांबच्या फेऱ्यांचा गाडीखर्च वेगळा. चहा आणि बिस्किटं शुल्कात धरलेली आहेत, बिस्किटं दोनच.

आधी दुर्बीण, कारण दुखणं तिथलंच आहे.

पेटीतल्या दुर्बिणी जुन्या धाटणीच्या, पोरो प्रिझमच्या ८×४० आहेत, म्हणजे आठपट मोठं दाखवणाऱ्या, पुढचं भिंग चाळीस मिलिमीटरचं. आकड्यांत खोट नाही. चाळीसला आठने भागलं की पाच, म्हणजे डोळ्यापाशी पाच मिलिमीटरचा प्रकाशझोत पोचतो आणि पहाटेच्या अंधुक उजेडात तेवढा लागतोच. दहापटीची हाव नवख्यांनी धरू नये, त्यात हाताचा कंपही दहापट दिसतो. खोट आहे ती आतल्या प्रिझममध्ये. प्रत्येक नळीत दोन प्रिझम बसवलेले असतात. दुर्बीण एकदा दगडावर आपटली किंवा जीपच्या सीटवरून खाली घरंगळली, की त्यातला एखादा केसभर सरकतो. बाहेरून ओरखडाही नसतो, पण दोन नळ्यांची नजर एका जागी जुळत नाही. डावी-उजवीकडे थोडं चुकलं तर डोळे सांभाळून घेतात, कारण जवळचं बघताना डोळे आत वळवायची त्यांना रोजची सवय असते. वर-खाली चुकलं की त्यांचं काही चालत नाही. पहिली पाच मिनिटं चित्र जुळल्यासारखं वाटतं, मग डोकं धरतं. नवख्याला वाटतं आपल्यालाच दुर्बीण वापरता येत नाही, आणि तो गप्प बसतो. बारापैकी तीन दुर्बिणी अशा होत्या. इतके महिने बोभाटा झाला नाही, तो याच गप्प बसण्यामुळे.

तपासायला अर्धं मिनिट पुरतं. दोनेकशे मीटरवरच्या घराच्या छपराची आडवी कड किंवा पाण्याच्या टाकीचा काठ धरायचा. विजेची तार नको, ती वाऱ्याने हलते. दुर्बीण डोळ्यांना लावून फोकस करायचा आणि मग ती हळूहळू वीतभर लांब न्यायची. दोन गोल सुटे दिसू लागतात. दोन्ही गोलांत ती कड एका रेषेत हवी. एकात वर, दुसऱ्यात खाली, पायरीसारखी दिसली तर दुर्बीण परत देऊन दुसरी मागायची. हे पेटी उघडल्याबरोबर करायचं, गाडी सुटल्यावर नव्हे. स्वतः स्क्रू पिळायला जाऊ नये. रबराच्या आवरणाखाली प्रिझम हलवायचे बारीक स्क्रू असतात, ते अर्धा आटा फिरले तरी होतं तेही जातं.

अर्थात प्रत्येक अंधुक चित्राचं खापर प्रिझमवर फोडता येत नाही. निम्म्या लोकांनी उजव्या नळीवरची डायॉप्टरची कडी कधी फिरवलेलीच नसते. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यापुरतं चित्र स्पष्ट करायचं. मग डावा मिटून, मधल्या चाकाला हात न लावता, फक्त ती कडी फिरवून उजव्या डोळ्यापुरतं. त्यानंतर दिवसभर फक्त मधलं चाक. चष्मेवाल्यांनी रबरी कप दुमडून घ्यायचे, नाहीतर कडेचं चित्र कापलं जातं. बिजागरीवर आकडे असतात, ते दोन डोळ्यांमधल्या अंतराचे. आपला आकडा एकदा लक्षात ठेवला की दर वेळी चाचपडावं लागत नाही. हे सगळं पहिल्या फेरीला पाच मिनिटांत सांगता येतं. सांगितलं गेलं चौथ्या फेरीला, तेही कुणीतरी विचारलं म्हणून.

दुसरा घोळ ओलाव्याचा. सप्टेंबरात कासच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, धुक्यात भिजलेल्या दुर्बिणी तशाच कापडी पिशव्यांत घालून पत्र्याच्या ट्रंकेत गेल्या. नोव्हेंबरात दोन दुर्बिणींच्या भिंगांत आतून कोळिष्टकासारखे धागे, म्हणजे बुरशी. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढाच खर्च होता. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे किंवा तापवून पुन्हा वापरायचे. भिंग शर्टाच्या टोकाने पुसणाऱ्यांना मार्गदर्शक टोकतो, हे मात्र बरं करतो. आधी फुंकणीने धूळ उडवायची, मग मऊ कापड. धुळीसकट पुसलं की तीच धूळ काच खरवडते.

कासची फेरी खरं तर दुर्बिणीची नव्हेच. २०१२मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यापासून हंगामात तिथे माणसांचाच थवा असतो, पक्षी बेताचेच दिसतात. बघायचं ते पायाशी: सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद, तेरडा, आणि शास्त्रीय नावातच सातारा असलेला वायतुरा. यांना दहापटीचं हातभिंग लागतं. दुर्बिणीचे ८० रुपये त्या दिवशीही घेतलेच. वसूल करायचे असतील तर दुर्बीण उलटी धरा: डोळ्याकडचं भिंग फुलापासून बोटभर अंतरावर आणि बघायचं मोठ्या भिंगातून, एका डोळ्याने. दवबिंदूच्या केसांवरचे चिकट थेंब सुटे सुटे दिसतात. या कामाला अलाइनमेंट लागत नाही.

वेळेचा मुद्दाही सांगायलाच हवा. जमायची वेळ आठही महिने साडेसहा. जानेवारीत साताऱ्यात सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे अर्धा तास अंधारात कुडकुडत चहा. एप्रिलअखेर तो सव्वासहाच्या आत वर येतो. साडेसहाला जमून, हजेरी घेऊन निघेपर्यंत सात वाजतात आणि पक्ष्यांचा भराचा तास संपत आलेला असतो. साडेआठला ऊन चटकायला लागलं की सगळे सावलीत. वेळ सूर्योदयाला बांधून दर महिन्याला बदलली, तर एक रुपया न वाढवता कार्यक्रम दीडपट चांगला होईल.

सर्वांत महाग फेरी खटाव तालुक्यातली, मायणी आणि येरळवाडीची. वडूजमार्गे दोन तास धरायचे, त्यामुळे त्या दिवशी तरी गाडी पावणेपाचला सुटते. इथे दोन गोष्टी कळल्या नाहीत तर पैसे पाण्यात. एक, उजेड. सकाळी तळ्याच्या पूर्व काठावर उभं राहायचं, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. पश्चिम काठावरून सगळ्या बदकांचे काळे ठिपके होतात आणि चक्रवाक कुठला, थापट्या कुठला, यावर वाद घालत बसावं लागतं. डिसेंबरच्या फेरीत गाडी सोयीची म्हणून पश्चिमेला लावली आणि तेच झालं. जानेवारीत सांगितल्यावर बाजू बदलली, तेव्हा पट्टकादंबांच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे नुसत्या ८×ने मोजता आले.

दोन, पाण्याची खोली. रोहित म्हणजे फ्लेमिंगो उथळ पाण्यात चोच उलटी घालून खातो. पाऊस भरपूर झाला, तलाव काठोकाठ राहिला, की चिखलाचे काठ उघडे पडत नाहीत आणि रोहित, तुतवार, शेकाट्या यांना पाय टेकायला जागा उरत नाही. ‘गेल्या वर्षी शेकडो होते, यंदा फसवलं’ अशी तक्रार काहींनी केली. ती चुकीची आहे, पक्षी पासवर सही करून येत नाहीत. पण आठवडाभर आधी पाणी किती आहे हे तिथल्या कुणाला फोन करून विचारणं आणि तारीख मागेपुढे करणं आयोजकांच्या हातात होतं. कादंब सकाळी पाण्यावर विसावतात आणि चरायला हरभऱ्या-गव्हाच्या रानात उतरतात, त्यामुळे शेतकऱ्यांचं त्यांच्याबद्दलचं मत आपल्यापेक्षा वेगळं असतं. बांधावरून चालताना पिकात पाय टाकू नये, हे वेगळं सांगायची वेळ येऊ नये. आली.

टेलिस्कोप एक, माणसं बावीस. प्रत्येकाला वीस सेकंद दिले तरी एका पक्ष्यापाठी सात मिनिटांच्या वर जातात, आणि पक्षी सात मिनिटं थांबत नाही. नऊनंतर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते, तेव्हा ६०× लावून उपयोग नसतो. तो २०-२५वर आणला तर पिसं तरी दिसतात. बाराच्या वर माणसं घ्यायची नसतील तर शुल्क वाढेल, हे मान्य. साडेतीनशे द्यायची तयारी आहे. चारशे कापून घ्यायची नाही.

सागरेश्वरबद्दल थोडक्यात. १०.८७ चौरस किलोमीटरचं, उघड्या डोंगरावर झाडं लावून आणि हरणं आणून सोडून माणसांनी उभं केलेलं अभयारण्य आहे. पक्ष्यांपेक्षा चितळ-सांबरच जास्त दिसली. गवतात गोचीड असतात. पँट मोज्यात खोचायची आणि घरी गेल्यावर गुडघ्यामागे बघायचं. प्रवेशशुल्क वेगळं भरावं लागतं, हे पत्रकात बारीक अक्षरात आहे.

जानेवारीत आयोजकांनी अभिप्रायाचा अर्ज भरून घेतला होता. त्यात लिहिलेल्या दोन तक्रारी आता मागे घेतो.

पहिली: सोळापैकी पाच फेऱ्या अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या त्याच दोन किलोमीटरच्या वाटेवर का? तेव्हा हा पेट्रोल वाचवायचा धंदा वाटला होता. पण तीच वाट परत परत चालल्यावर ऋतू कळतो. नोव्हेंबरात दगडांवर शेपूट थरथरवत काळा थिरथिरा हजर, धोबी हजर. फेब्रुवारीत ऊन चढता चढता तांबटाचं टुक-टुक सुरू, आणि तो मान फिरवत ओरडतो म्हणून आवाज दर वेळी वेगळ्या झाडावरून आल्यासारखा वाटतो. सर्वांत वसूल झालेली फेरी तर एका काटेसावरीखाली उभं राहून झाली. पान नाही, नुसती लाल वाट्यांसारखी फुलं. मार्गदर्शकाने सगळ्यांना खाली बसवलं, चाळीस मिनिटं. भांगपाडी मैना, जंगल मैना, बुलबुल, हळद्या, शिंजीर, हरेवा, आणि फुलावर येणारे किडे टिपायला कोतवाल. एकेका फुलात चोच बुडवून वर आली की कपाळावर पिवळे परागकण, त्यामुळे दोन बुलबुल वेगळ्याच जातीचे समजून वहीत लिहिले गेले होते. पानझडीत पक्षी लपत नाही, झाडाला घड्याळाची तबकडी समजून ‘अकरा वाजता’ म्हटलं की बावीसही जणांना सापडतो. ‘त्या हिरव्या फांदीवर’ असं सांगणाऱ्याला कुणीही कधी पक्षी दाखवू शकलेलं नाही.

दुसरी: मार्गदर्शक मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवत नाही. इतर ठिकाणी वाजवतात आणि पक्षी लगेच समोर येतो, म्हणून पैशांच्या मानाने हे कमी वाटलं होतं. पण समोर येतो तो नर, हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून, हातातलं काम टाकून. विणीच्या दिवसांत ते काम म्हणजे पिलांचा चारा. न वाजवता थांबलं की पक्षी आपल्या कामात दिसतो, ते बघायलाच अडीचशे आहेत. आवाज ओळखणारं मर्लिन अॅप वापरायला त्याची ना नाही, फक्त यादीत थेट उतरवू देत नाही. अॅपने एकदा शिक्रा दाखवला, वर बघितलं तर हरेवा बसून नकला करत होता. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ई-बर्ड संकेतस्थळावरची यादी तो वेळ, अंतर आणि प्रत्येकाची संख्या घालून नीट भरतो, मात्र बुधवारपर्यंत वाट बघायला लावतो.

पक्षी सप्ताहातल्या, ५ ते १२ नोव्हेंबरमधल्या फुकट फेरीवरून पास घ्यायचा की नाही ते ठरवू नका. चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत हौसेची गर्दी असते. पन्नास माणसं आणि वेफर्सच्या पुड्यांच्या आवाजात कावळासुद्धा थांबत नाही.

पुढच्या हंगामाचे चार हजार भरले आहेत, दुर्बीण न घेता. चारशेंसाठी लेखी अर्ज दिला आहे. दुर्बिणींवर नंबर घाला आणि देता-घेताना दोघांसमोर छपराची कड बघून वहीत सही घ्या, एवढंच त्यात मागितलं आहे. नंबर पडेपर्यंत ज्यांना पेटीतली मिळेल त्यांच्यासाठी: पट्ट्याच्या डाव्या कडीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे, तीच ती. दुसरी शिल्लक नसेल तर डावा डोळा मिटून वापरा, उजवी नळी लख्ख आहे.