जुनी टू-स्ट्रोक चेतक, आठ महिने घरच्या पान्यावर: वापरानंतरचा अनुभव

गाडी बजाज चेतक, 145 सीसी, सीबी पॉइंटवाली (म्हणजे प्लगची ठिणगी उघड-मीट होणाऱ्या संपर्क-बिंदूंवर चालणारी). रोजचा फेरा सोलापुरात, सात रस्ता ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, आख्ख्या उन्हाळ्यासकट. इंजिनाबद्दल तक्रार नाही. आठ महिन्यांत जे बिघडलं, त्यातलं निम्मं घरच्या दुरुस्तीनेच बिघडलं. म्हणून मायलेजपेक्षा त्याबद्दलच जास्त.

सगळ्यात धोक्याचं काम पंक्चरचं. 3.50-10 चा टायर दोन भागांच्या रिमवर बसतो. चाक हबला धरणारे नट वेगळे आणि रिमचे दोन भाग जोडणारे नट वेगळे, पण दिसायला भाऊ-भाऊ. ट्यूबमध्ये हवा असताना रिमचे नट सोडले तर शेवटच्या आट्यावर रिमचा भाग तोफेसारखा उडतो. आधी व्हॉल्व्हची पिन काढायची, टायर पायाने दाबून ‘फुस्स’ पूर्ण थांबल्याची खात्री करायची, मगच पाना लावायचा. बसवताना ट्यूबला शंखजिऱ्याची पूड आणि आकार येईल एवढीच थोडी हवा. नाहीतर ट्यूब दोन भागांच्या फटीत चिमटते आणि दुसऱ्या दिवशी तिथेच नवं पंक्चर. रिमचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळायचे.

गिअर ऑइल 250 मिली, एसएई 30. ‘गिअर ऑइल’ या नावाला भुलून ईपी 90 ओतणारे बरेच. पण याच तेलात क्लचच्या प्लेटा भिजतात. जाड तेलाने त्या एकमेकींना चिकटून राहतात, क्लच दाबूनही गाडी पुढे ओढते आणि न्यूट्रल सापडत नाही. मग माणूस क्लच केबल आवळत बसतो! गाडी स्टँडवर सरळ उभी करून भरायच्या भोकातून तेल ओघळू लागेपर्यंतच भरायचं.

आता उन्हाळा. सिलिंडरवरचं पत्र्याचं आवरण शोभेचं नाही; फ्लायव्हीलच्या पंख्याची हवा फिनांवरून (सिलिंडरच्या थंडाव्याच्या पात्यांवरून) नेणारा तो बोगदा आहे. ‘मोकळी हवा लागू दे’ म्हणून ते काढून ठेवलं की हवा बाजूने निसटते, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. बसवलेलं असूनही गाडी तापत असेल तर आत बघा. चादरी-टॉवेलच्या कारखान्यांच्या भागातली सुताची लव तेलकट फिनांवर बसते, त्यावर धूळ, आणि त्याची अक्षरशः वाकळ तयार होते. जुना टूथब्रश आणि रॉकेल पुरतं.

स्पार्क प्लग ज्यात बसतो ते हेड अॅल्युमिनियमचं. थेट पान्याने प्लग बसवला आणि आटे वाकडे पकडले, तर हेड लेथवर नेऊन बुश मारावा लागतो. पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवून त्यानेच फिरवा. आटा चुकला तर पाइप आपोआप सुळकन फिरतो. हाताने बसला की नव्या वॉशरला अर्धा फेरा, जुन्याला त्याहून बराच कमी. लांब आट्यांचा प्लग चुकूनही नको, पिस्टनवर आपटतो.

सीबी पॉइंट साफ करायला फ्लायव्हील काढायचं तर पुलर विकत घ्याच. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की पंख्याची पाती तुटतात आणि गाडी थरथरू लागते. परत बसवताना नट ढिला राहिला तर आतली छोटी चावी कापली जाते, टायमिंग फिरतं आणि किक उलट मारते.

पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल 2 टक्के, म्हणजे लिटरला 20 मिली. ‘थोडं जास्त बरं’ म्हणून 40 घातलं तर प्लग काळा-ओला आणि सायलेन्सर चोंदलेला. चारचाकीचं ऑइल तर नकोच. ऊसवाल्या आपल्या जिल्ह्याला इथेनॉलचं कौतुक असेल, पण ई20 (20 टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलने जुन्या पेट्रोल कॉकची आणि पाइपची रबरं फुगतात. गाडी उभी करताना कॉक बंद करा. उघडा राहिला आणि कार्बोरेटरमधल्या फ्लोटची सुई गळत असेल तर पेट्रोल क्रँककेसमध्ये उतरतं, किक जड होते. अशा वेळी कॉक बंद, प्लग काढून दहा-पंधरा किका. प्लगची वायर मात्र भोकापासून लांब.

केबल हा या गाडीचा खरा त्रास. नवी इनर वायर पकडीने कापली की तिचे धागे पिसारतात आणि आउटरमध्ये शिरत नाहीत. आधी टोकाला झाळ मारा, मग झाळलेल्या भागातच छिन्नीच्या एका घावात कापा. क्लचची एक जादा वायर डिकीत हवीच. सात रस्त्याच्या सिग्नलला तुटली तर घरापर्यंत ढकलत न्यावी लागते.