मुंबई-लंडन हवाई अंतर आणि वेळ सांगणारे ॲप: दहा महिन्यांच्या वापरानंतर

दोन शहरांमधले हवाई अंतर आणि विमानप्रवासाचा वेळ सांगणारे एक मोफत ॲप मी दहा महिन्यांपासून वापरतो आहे. मुलगी लंडनला असल्याने या काळात मुंबई ते हीथ्रो अशा आमच्या दोन फेऱ्या झाल्या, आणि दर वेळी ॲपचा आकडा प्रत्यक्षाशी ताडून मी वहीत टिपून ठेवला.

अंतराच्या बाबतीत ॲप चोख आहे. ते सुमारे ७,२०० किलोमीटर दाखवते. नातवासाठी आणलेल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला, तेव्हा तो कराची, इराण आणि कॅस्पियन समुद्रावरून युक्रेन, पोलंडकडे वळला. भिंतीवरच्या नकाशात सरळ दिसणारी रेघ मात्र इराकमधून जाते. अर्थात, हे अंतर दोऱ्याचे आहे, विमानाचे नव्हे. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, त्यामुळे प्रत्यक्षात वळसा पडतोच.

खरी अडचण वेळेची आहे. ताशी ८५० किलोमीटर वेग धरून ॲप जाताना आणि येताना सारखेच साडेआठ तास सांगते. आम्हाला मात्र जाताना दहा तास लागले आणि येताना नऊ तासांच्या आतच मुंबई आली. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे जाताना समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो. समोरच्या आसनावरील पडद्यावर जाताना ताशी ७९० आणि येताना १,०३० किलोमीटर वेग मी स्वतः पाहिला आहे. शिवाय तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो आणि हीथ्रोवर उतरण्यापूर्वी कित्येकदा आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. हे ॲपच्या हिशेबात कुठेच नाही.

एप्रिलमध्ये याचा त्रास मुलीला झाला. विमान उशिरा, दुपारी एक वाजता निघाले, म्हणून उतरण्याची नवी वेळ मी घाईघाईने ॲपवरून काढली आणि तिला संध्याकाळचे चार कळवले. आम्ही उतरलो साडेसहाला. दीड तास वाऱ्याचा आणि वळशाचा; उरलेला एक तास घड्याळाचा, कारण मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधील घड्याळे एक तास पुढे जातात आणि आपल्यातले अंतर साडेपाचवरून साडेचार तासांवर येते, पण ॲप बारा महिने साडेपाचच वजा करते. लहान मुलाला कडेवर घेऊन ती अडीच तास तिथे उभी होती. याचे मला अजूनही वाईट वाटते.

ॲप मी काढून टाकलेले नाही. अंतर पाहायला त्याच्याइतके सुटसुटीत साधन मला मिळालेले नाही. मात्र कोणी घ्यायला येणार असेल, तर तिकिटावरची वेळ घ्यावी आणि विमानाला जितका उशीर झाला असेल, तितकाच तीत मिळवावा. जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगवेगळा दाखवावा, असे मी ॲप बनवणाऱ्यांना दोनदा लिहिले आहे.