लोहगाव वाढवायचं की पुरंदरची वाट पाहायची?

पुण्याहून थेट परदेशी विमानं वाढायला हवीत, यावर पुण्यात चक्क एकमत आहे. भांडण आहे ते कुठून उडायचं यावर: सध्याच्या लोहगाव विमानतळावरून की पुरंदर तालुक्यात होऊ घातलेल्या नव्या विमानतळावरून.

आधी लोहगाव. नवं टर्मिनल जुलै २०२४ मध्ये प्रवाशांसाठी खुलं झालं, रांगा बऱ्याच सुसह्य झाल्या. पण टर्मिनल चकाचक झालं म्हणून लंडनचं विमान येत नाही. घोडं अडलंय धावपट्टीवर. तिची लांबी २,५३५ मीटर आणि विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटरवर. एक तर उंचीवरची हवा विरळ, त्यात एप्रिल-मेचं ऊन. पंखांना उचल कमी मिळते आणि विमानाला जास्त धाव लागते. तेवढी जागा नसेल तर वजन कमी करायचं, म्हणजे एकतर इंधन कमी भरायचं नाहीतर माणसं कमी न्यायची. दुबई-बँकॉकला हे निभतं, पण युरोपला भरगच्च मोठं विमान न्यायचं तर तिकिटांचं गणितच बसत नाही. लुफ्तान्साची फ्रँकफर्ट सेवा काही वर्षं होती खरी, पण छोट्या विमानाने.

धावपट्टी सुमारे आठशे मीटरने वाढवण्याचा प्रस्ताव आहे आणि तो रेटायलाच हवा. जमीन लागेल, पण पुरंदरच्या मानाने किरकोळ. मात्र लांबी वाढली तरी मालक बदलत नाही. धावपट्टी हवाई दलाची. सुखोईंचा सराव सुरू असेल तर प्रवासी विमानाने थांबायचं, आणि त्यात गैर काही नाही, तळ त्यांचाच आहे. शिवाय धावपट्टी एकच. २०२०-२१ मध्ये दुरुस्ती निघाली तेव्हा जवळपास वर्षभर रात्रीची उड्डाणं बंद होती, ऑक्टोबर २०२१ मध्ये तर दोन आठवडे सगळंच ठप्प.

पुरंदरला हा जाच नाही. चार किलोमीटरच्या दोन धावपट्ट्यांची योजना, चोवीस तास मोकळं आकाश. गोव्यात काय झालं ते पाहा. जुना दाबोळी विमानतळ नौदलाचा तळ, नवा मोपा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू, आणि २०२४ मध्ये कतार एअरवेजने दाबोळी सोडून मोपा गाठलं. वेळेचं बंधन नसेल तिकडे परदेशी कंपन्या वळतात.

पण मोपा उभं आहे, पुरंदर कागदावर. पारगाव, खानवडी, कुंभारवळणसह सात गावांची जमीन हवी आहे. मूळ आराखडा २,६०० हेक्टरांच्या वरचा, विरोधानंतर तो निम्म्यावर आला. अंजीर-सीताफळाच्या बागा आहेत तिथे. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे. बाग लावून वर्षानुवर्षं जपणाऱ्या माणसाला एकरी दर सांगितला की तो लगेच सही करेल, हा पुण्यात बसून केलेला हिशोब आहे. शिवाय हडपसरहून जायचं तर दिवे घाट चढायचा. आषाढी वारीची पालखी घाटात असेल त्या दिवशी ज्याचं विमान असेल, त्याने आदल्या रात्रीच सासवड गाठावं.

आता या वादात फारसा न निघणारा तिसरा भिडू. नवी मुंबई विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला, धावपट्टी ३,७०० मीटर. हिंजवडी-वाकडकराला द्रुतगती मार्गाने पनवेल गाठणं आणि अख्खं पुणे ओलांडून पुरंदरला जाणं, यात वेळेचा फार फरक उरणार नाही. पुरंदरची खरी स्पर्धा लोहगावशी नसून याच्याशी आहे.

त्यामुळे येत्या पाच-सात वर्षांचा विचार असेल तर लोहगावच्या धावपट्टीचा हट्ट धरा. आखाती देश आणि आग्नेय आशियाची सेवा त्यातून खरोखर वाढू शकते. अमेरिका-युरोपसाठी मुंबई किंवा नवी मुंबई धरून चाला. हडपसर, सासवड, बारामतीकडच्यांनी पुरंदरचा आग्रह जरूर धरावा, पण मुलाच्या परदेशी शिक्षणाचं तिकीट त्या भरवशावर ठेवू नये.