‘हात न लागलेला’ पियानो: नऊ महिन्यांनंतर

लेकीसाठी ऑक्टोबरात छत्रपती संभाजीनगरहून जालन्याला जुना पियानो आणला. १२१ सेंटीमीटर उंचीचा जपानी अपराइट, म्हणजे उभ्या पेटीचा. आता उन्हाळा काढून पावसाळ्यात शिरलाय, म्हणून लिहायला बसले.

विकणाऱ्या काकू म्हणाल्या, “ताई, पोरगी परदेशी गेल्यापासून सहा वर्षं कुणी हात लावला नाही. नवाच समजा.” किंमत १ लाख ८० हजार. बोलणं खरंच होतं. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या फेल्टवर, म्हणजे दाबलेल्या लोकरीवर, तारांचे चरे जेमतेम उमटले होते. पण सहा वर्षं वाजवला नाही म्हणजे सहा वर्षं सुरात लावलाही नाही! आत २३० च्या आसपास तारा, सगळ्यांचा मिळून ताण सुमारे १८ टन. वाजवा नाहीतर झाकून ठेवा, लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आकसतं आणि स्वर उतरत जातो. मोबाइलवर लावून पाहिलं तर ४४० हर्ट्‌झचा ‘ए’ स्वर ४२८ दाखवत होता. जवळजवळ अर्धी पट्टी उतरलेला.

विसार द्यायच्या आधी पुण्याहून ट्यूनर बोलावला. येण्याजाण्यासकट साडेचार हजार गेले, पण या व्यवहारातला सगळ्यात सार्थकी लागलेला पैसा तोच. त्याने पुढची फळी काढली आणि तारा ताणून धरणारी एकेक पिन चावीने फिरवून पाहिली. पिना घट्ट होत्या. “सैल असत्या तर फुकट मिळाला तरी घेऊ नका म्हणालो असतो,” तो म्हणाला. मग कडेच्या पट्ट्या उचलल्या. खालच्या लोकरी चकत्यांना कसर लागलेली, बोट लावलं की भुसा.

भाव करताना मी पियानोला एकदाही नाव ठेवलं नाही. त्यांच्या लेकीची वस्तू होती. दोन ट्यूनिंग, नव्या चकत्या, टेम्पो, हमाली असा खर्च कागदावर मांडला आणि १ लाख २० हजार म्हटलं. काका बराच वेळ कागद बघत बसले. शेवटी तुमचं नको, आमचं नको, असं करत १ लाख ३८ हजारांवर तुटलं, स्टूलासकट. मला तो भाव आजही रास्त वाटतो.

सव्वादोनशे किलोचं धूड छोट्या हत्तीतून उभंच आणलं. उतरवायला मोंढ्यातले पाच हमाल. त्यातले एक मामा म्हणाले, “ताई, पोत्याला हूक तरी मारता येतो, ह्याला धरावं कुठं?” जिन्यात एका कोपऱ्याचं पॉलिश गेलं, ते अजून सलतं.

पहिलं ट्यूनिंग तीन आठवड्यांत उतरलं. ट्यूनरने आधीच सांगितलं होतं, एवढा चढवलेला स्वर एका फेरीत बसत नाही. डिसेंबरात दुसऱ्यांदा लावला, तो टिकला.

खरा त्रास एप्रिलमध्ये. तीनशे रुपयांचं आर्द्रतामापक आणलं होतं. दुपारी आकडा २० टक्क्यांच्या खाली, आणि कूलर लावला की तासाभरात ७० च्या वर. पियानोला ४० ते ६० मानवतं. त्या खोलीतला कूलर काढलाच. पियानो खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला लावला, लेक पंख्यावर रियाज करते. तरी जूनच्या पहिल्या पावसात मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येईनात. आतलं फेल्ट दमटपणाने फुगलं होतं. एक आपोआप सुटली, दुसरी अजून जडच आहे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ट्यूनर येणार आहे, तेव्हा तीही मोकळी करून घेईन.